मास्तरांचा कॅन, आणि किडनी बदलल्यावर लघवीतली अमिनो आम्लं

मास्तरांनी काउंटरवर ठेवलेला कॅन पाच लिटरचा होता आणि त्याला अजून काजूच्या फेणीचा वास येत होता. "बाये, सगळें आसा हांतूंत," ते म्हणाले. सगळें म्हणजे चोवीस तासांची लघवी. आम्ही दिलेला डबा त्यांना लहान वाटला, म्हणून घरातला कॅन तीन पाण्यांनी धुऊन घेतला होता. फोंड्यात लॅबमध्ये काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. लोणच्याच्या बरणीपासून कोकमाच्या सरबताच्या बाटलीपर्यंत कशाकशातून लोक लघवी आणतात ते पाहिलंय. फेणीचा कॅन मात्र पहिलाच.

मास्तर म्हणजे मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तीन वर्षांपूर्वी त्यांची किडनी बदलली. किडनी बायकोची. दर महिन्याला रक्त द्यायला येतात, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) आणि टॅक्रोची, म्हणजे शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची, लेव्हल विचारतात आणि आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घेतात. त्या दिवशी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. किडनी बदललेल्या माणसाचं पुढे काय होणार याचा अंदाज लघवीतल्या अमिनो आम्लांवरून लागू शकतो, असं काहीतरी त्यात होतं. "म्हणजे आता लघवीतून आम्लसुद्धा जातं? ते जाणं वाईटच ना?"

हा प्रश्न मास्तरांचा एकट्याचा नाही. किडनीच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलेलं असतं. प्रोटीन गेलं वाईट, साखर गेली वाईट, रक्त गेलं तर फारच वाईट. लघवीत जितकं कमी, तितकं बरं. अमिनो आम्लांपाशी मात्र हा हिशोब बिघडतो, कारण त्यांतली काही कमी जात असतील तर तीच काळजीची गोष्ट असू शकते.

आधी प्रोटीन आणि अमिनो आम्ल यांतला फरक. अबोलीचा गजरा आणि सुटी फुलं यांत जो फरक, तोच. प्रथिन म्हणजे ओवलेला लांब गजरा, अमिनो आम्ल म्हणजे एकेक फूल. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या फुलांतून ओवली जातात. लघवीत पट्टी बुडवून आपण जे प्रोटीन शोधतो ते मुख्यतः अल्बुमिन, म्हणजे अख्खा गजरा. किडनीची चाळणी धड असेल तर तो रक्तातच अडतो. सुटी फुलं चाळणीतून आरामात पडतात, धडधाकट माणसाचीसुद्धा.

इथे किडनीच्या कामाची रीत समजून घ्यायला हवी. आपल्याला वाटतं, ती रक्तातला केर वेचून बाहेर टाकते. तिची रीत बरोबर उलटी आहे, रापणीसारखी. रापण ओढली की जाळ्यात आलेलं सगळं आधी वाळूवर येतं: बांगडे, तारले, खेकडे, शेवाळ, प्लास्टिक. मग हवं ते वेचून टोपल्यांत भरतात आणि उरलेलं तिथेच राहतं. किडनीतली चाळणी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून अशीच बाहेर ओढते. त्यात मीठ असतं, साखर असते आणि जवळजवळ ५० ग्रॅम अमिनो आम्लंही असतात. चाळणीपुढे बारीक नलिका असतात. त्या हवं ते वेचून परत रक्तात घालतात. अमिनो आम्लांपैकी साधारण ९५ ते ९९ टक्के पहिल्याच वळणावर उचलली जातात. शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते आणि तिच्यात थोडी अमिनो आम्लं. ग्लायसिन, हिस्टिडिन, टॉरिन ही त्यातल्या त्यात जास्त.

म्हणजे लघवीतल्या अमिनो आम्लाच्या आकड्यामागे कमीत कमी दोन गोष्टी असतात. वेचणारे हात कसे चालताहेत, ही एक. आणि मुळात जाळ्यात किती आलं होतं, ही दुसरी. आकडा एकच, पण तो कुठल्या गोष्टीबद्दल बोलतोय हे त्यावर लिहिलेलं नसतं. पेपरातल्या बातम्या घसरतात त्या इथेच.

वेचणारे हात दुखावले तर अमिनो आम्लं सरसकट निसटतात, सोबत साखर आणि फॉस्फेटही जातात. याला फँकोनी सिंड्रोम म्हणतात. एखाद्याच जातीच्या आम्लांचं दार जन्मापासून बिघडलेलं असेल तर त्या जातीचीच आम्लं जातात. सिस्टिनुरियात सिस्टिन आणि त्याच दारातून जाणारी काही आम्लं अशी निसटतात, आणि सिस्टिनचे खडे होतात. किडनी बदलताना ती काही वेळ बर्फात, रक्ताशिवाय असते. रक्ताच्या या उपासाची सगळ्यांत जास्त झळ या नलिकांनाच बसते. त्यामुळे ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत अमिनो आम्लं भरपूर दिसली तर नलिका अजून सावरल्या नाहीत, असा अर्थ निघू शकतो. पुढे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधंही नलिकांना त्रास देऊ शकतात. लेव्हल तपासत राहायचं एक कारण हेही आहे.

गोव्यात हे सांगताना काणकोण आठवतंच. तिथल्या, नेमकं कारण न कळलेल्या किडनीविकाराबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलंय. श्रीलंकेत आणि मध्य अमेरिकेतही शेतकरी-कामकऱ्यांमध्ये असा विकार आहे. त्यात घाव बहुतेक नलिका आणि त्यांच्या आजूबाजूला असतो, चाळणीवर कमी. म्हणून लघवीत अल्बुमिन फारसं दिसत नाही आणि पट्टीवर विसंबलेला माणूस बेसावध राहतो.

आता दुसरी बाजू, जाळ्यात मुळात काय आलं होतं ती. किडनी बदलून वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं झालेल्या माणसाच्या बाबतीत मला तरी हीच बाजू जास्त बोलकी वाटते.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या विद्यापीठ रुग्णालयात २००८ ते २०११ या काळात किडनी बदललेल्या ७०७ जणांची नोंद झाली. नवी किडनी निदान वर्षभर चाललेली आहे, अशीच माणसं घेतली. त्यांची चोवीस तासांची लघवी जमवली, रक्त साठवलं आणि पुढे कोण जगलं, कोणाची किडनी थकली हे वर्षानुवर्षं पाहिलं. या साठ्यातून बरेच शोधनिबंध निघाले. त्यांतला एक टॉरिनवर आहे.  किडनी बदललेल्यांत ज्यांच्या लघवीतून टॉरिन कमी जात होतं, त्यांच्यात पुढच्या वर्षांत नवी किडनी निकामी होण्याचं प्रमाण जास्त होतं. कमी, ते वाईट.

टॉरिन हे तसं वेगळंच प्रकरण. १८२७ साली टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांना ते बैलाच्या पित्तात सापडलं. बैलाला लॅटिनमध्ये टॉरस म्हणतात, त्यावरून हे नाव. ते कुठल्याच प्रथिनात ओवलं जात नाही, सुटंच फिरतं. हृदयात आणि स्नायूंत त्याचा मोठा साठा असतो. यकृत थोडं टॉरिन बनवतं, बाकीचं जेवणातून येतं, तेही मुख्यतः प्राणिज पदार्थांतून. भाज्या-डाळींत ते जवळजवळ नसतंच. आणि सगळ्यांत जास्त कशात? शिंपल्यांत. आपल्या तिसऱ्या, शिनाण्या, कालवं. खालोखाल मासळी. ते पाण्यात उतरतं, म्हणजे उकडून पाणी फेकलं तर बरंचसं वाया जातं. हुमण केलं तर रश्श्यातच राहतं.

हे सांगितल्यावर मास्तरांचा चेहरा असा काही फुलला की मला घाईने पुढचं बोलावं लागलं. टॉरिन कमी जातं म्हणून किडनी निकामी होते, असं त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. ज्याचं जेवण सुटलंय, स्नायू वितळलेत, किडनी अर्धीच चालतेय, त्याच्या लघवीत टॉरिन कमीच दिसणार, आणि त्याची किडनी पुरती थकण्याची शक्यताही जास्तच. अशा वेळी टॉरिन नुसतं साक्षीदार असतं. जपानचे युकिओ यामोरी यांनी अनेक देशांतल्या लोकांची चोवीस तासांची लघवी तपासली. जिथे टॉरिन जास्त, तिथे हृदयविकाराचे मृत्यू कमी, असं त्यांना दिसलं. पण टॉरिन जास्त असलेला समाज म्हणजे मासळी खाणारा समाज, आणि मासळीबरोबर इतर शंभर गोष्टी बदलतात. शिवाय ग्रोनिंगनचे रुग्ण डच, त्यांचं ताट वेगळं. आपल्या शाकाहारी माणसाच्या लघवीत टॉरिन कमीच असणार. त्याला तोच आकडा लावून घाबरवणं मला पटत नाही. टॉरिनच्या गोळ्या घ्यायच्या का, तर त्याने किडनी बदललेल्यांचं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. तिसऱ्या खायच्याच तर पूर्ण शिजवून. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना कच्च्या-अर्धवट शिंपल्यांतले जंतू अंगावर येऊ शकतात. खाऱ्या बांगड्याबद्दल न बोललेलंच बरं. त्यातलं मीठ रक्तदाबाला कुठे नेईल ते ठाऊकच आहे.

आणखी एक अमिनो आम्ल सांगते, कारण तिथे आकडा तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतो. आर्जिनिन या अमिनो आम्लाचं एक भावंड आहे, एडीएमए. रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो त्यात ते खो घालतं, आणि किडनी निकामी झालेल्यांच्या शरीरात ते साठतं. पॅट्रिक व्हॅलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे दाखवलं. एडीएमए शरीराबाहेर जायलाच हवं. ग्रोनिंगनमध्येच किडनी बदललेल्यांत पाहिलं तर रक्तात एडीएमए जास्त आणि लघवीत कमी, अशांचे मृत्यू जास्त. इथे लघवीतला कमी आकडा म्हणजे केर घरातच पडून आहे. नुसती लघवी पाहून हे कळत नाही. रक्त आणि लघवी शेजारी ठेवून पाहावं लागतं.

केर घरात राहिला तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या परसातच आहे. करमल, ज्याची आडवी फोड पाच टोकांच्या ताऱ्यासारखी दिसते ते आंबट फळ. त्यात कॅरांबॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य आहे आणि तेही अमिनो आम्लांच्याच कुळातलं. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते ओळखलं. धड किडनी ते सहज बाहेर टाकते. किडनी अशक्त असेल तर ते मेंदूपर्यंत जातं. आधी न थांबणाऱ्या उचक्या, मग भ्रम, झटके. किडनीच्या माणसाने करमलाला हात लावू नये, बदललेल्यानेही. बिंबलांचा रसही नको, त्यातल्या ऑक्झलेटने चांगल्या किडन्याही बसल्या आहेत.

आता मास्तरांच्या कॅनकडे. आमच्याकडे अमिनो आम्लांची तपासणी होतच नाही. त्यासाठी वेगळी महागडी यंत्रं लागतात. मोठ्या शहरांत ती तपासणी होते, पण मुख्यतः लहान बाळांमधले जन्मजात दोष शोधायला. किडनी बदललेल्यांसाठी ती अजून अभ्यासातली गोष्ट आहे. शरीर किडनी नाकारतंय का, हे त्यावरून कोणी ठरवत नाही. त्यासाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, औषधाची लेव्हल आणि वेळ पडली तर बायोप्सी. पण मास्तरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दोन साध्या तपासण्या अमिनो आम्लांचीच कहाणी मागल्या दाराने सांगतात.

पहिली लघवीतलं क्रिएटिनिन. रक्तातलं क्रिएटिनिन कमी म्हणजे चांगलं, हे सगळ्यांना पाठ. पण ते येतं कुठून? आर्जिनिन आणि ग्लायसिन या दोन अमिनो आम्लांपासून किडनी एक कच्चा माल बनवते, यकृत त्याचं क्रिएटिन करतं, ते स्नायूंत जाऊन बसतं आणि तिथून रोज थोडं थोडं क्रिएटिनिन होऊन सुटतं. जितके स्नायू, तितकं क्रिएटिनिन. म्हणून चोवीस तासांत लघवीतून किती गेलं, त्यावरून अंगावर मांस किती आहे ते समजतं. तरुण पुरुषात वजनाच्या दर किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅम, बाईत १५ ते २०, वयाबरोबर कमी. किडनी बदललेल्यांत हा आकडा कमी असणाऱ्यांचे मृत्यू जास्त, आणि किडनी निकामी होण्याचं प्रमाणही जास्त, हे ग्रोनिंगनमध्ये टॉरिनच्या बऱ्याच आधी दिसलं होतं. किडनी बदललेली माणसं बऱ्याचदा किडनी चालू असतानाच जातात. हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने, कर्करोगाने. या झुंजीत अंगावरच्या मांसाचा आधार असतो. आणि किडनी नाकारली जाऊ नये म्हणून देतात ते प्रेडनिसोलोन तर मांस झिजवणारं औषध.

मास्तरांचं वजन ५८ किलो. आकडा आला ६४० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ११. इतका कमी आकडा दिसला की आम्ही आधी रुग्णाला विचारतो, सगळी जमवली होती ना? मास्तर थोडे गप्प झाले. मग कबूल केलं की संध्याकाळी देवळात कीर्तन होतं, कॅन घेऊन कसं जाणार? दोन वेळची गेली. बऱ्याच जणांचं असंच होतं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, मग दिवसभराची आणि रात्रीची थेंब न् थेंब डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली घालून संपवायचं. डबा फ्रिजमध्ये किंवा बर्फात. मे महिन्यात बाहेर ठेवला तर जंतू आपल्या आधी अमिनो आम्लांवर ताव मारतात.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, एक वेळची लघवी घ्या आणि जे मोजायचं ते क्रिएटिनिनने भागा. सोयीचं आहे, आम्हीही अल्बुमिनसाठी तसं करतोच. पण ज्याचे स्नायू झिजलेत त्याचं क्रिएटिनिनच कमी. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की उत्तर फुगतं. ज्या माणसाच्या लघवीत टॉरिन कमी आहे, त्याचंही प्रमाण मग ठीकठाक दिसू लागतं. अशक्त माणसाचा अशक्तपणाच त्यात झाकला जातो.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी आमचाच डबा नेला आणि दिवसभर घरी बसले. या वेळी ७९० मिलिग्रॅम. किलोमागे साडेतेराच्या आसपास. वय धरूनही कमीच.

दुसरी तपासणी युरियाची. खाल्लेल्या प्रथिनातला नायट्रोजन शेवटी बहुतेक युरिया होऊन लघवीतून जातो. म्हणून उलटा हिशोब करता येतो. मास्तरांच्या चोवीस तासांत युरियाचा नायट्रोजन निघाला ४.२ ग्रॅम. बाकीच्या वाटांनी जातो त्यासाठी वजनाच्या किलोमागे ०.०३१ ग्रॅम धरतात, म्हणजे १.८. एकूण ६. प्रथिनात नायट्रोजन सुमारे १६ टक्के असतो, म्हणून ६.२५ ने गुणायचं. आले ३७.५ ग्रॅम. वजन स्थिर असेल तर रोजचं प्रथिन जवळपास इतकंच.

मास्तरांनी गुणाकार स्वतःच्या वहीत पुन्हा करून पाहिला. मग म्हणाले, "खरंय. मी मासे सोडलेत."

डायलिसिसच्या दिवसांत "प्रोटीन सांभाळा" असं कोणीतरी म्हटलेलं. डायलिसिसवर तर प्रथिन उलट जास्त लागतं, पण मास्तरांच्या डोक्यात बसलं ते सोडायचं म्हणून. नवी किडनी आल्यावर भीती दुप्पट झाली, कारण ती बायकोची. सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी भात आणि सोलकढी, रात्री पाव-भाजी. डाळसुद्धा पातळ. बायको समोर बसून बांगडा खायची आणि हे बघायचे. तीन वर्षं. क्रिएटिनिन १.२ वर स्थिर म्हणून सगळे खूश होते. तो आकडा इतका कमी दिसत होता त्यात थोडा वाटा स्नायू वितळल्याचा होता, हे वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. किती प्रथिन, कुठून, हे तिथे त्यांच्या किडनीच्या ताकदीप्रमाणे ठरलं. ते आकडे मी इथे देत नाही, ते मास्तरांचे आहेत. मासे परत ताटात आले, बेताने. रोज संध्याकाळी तळीपर्यंत चालणंही आलं, कारण नुसतं खाऊन मांस भरत नाही.

पाचेक महिन्यांनी एका सकाळी त्यांचा फोन. आवाज पार उतरलेला. "क्रिएटिनिन १.४ आलं. मासे खाल्ले म्हणून किडनी गेली."

किडनी बदललेल्या माणसाचा वाढलेला आकडा फोनवर "काही नाही हो" म्हणून उडवून लावायचा नसतो. आधी डॉक्टरांना कळवा, म्हटलं. मग विचारलं, रक्त द्यायला येण्याआधी काय खाल्लं होतंत?

"पाव आणि काल्ची कढी."

रात्रीच्या इसवणीच्या हुमणाची, सकाळी आटवून घट्ट केलेली काल्ची कढी. तुकड्यांसकट. माशाच्या मांसातही क्रिएटिन असतंच, आणि शिजवताना, पुन्हा आटवताना त्यातल्या काहीचं क्रिएटिनिन होतं. ते पोटातून सरळ रक्तात येतं आणि काही तास आकडा वर चढवतं. डॉक्टरांनी टॅक्रोची लेव्हल आणि लघवी तपासायला लावली आणि तीन दिवसांनी उपाशीपोटी रक्त पुन्हा घ्यायला सांगितलं. १.२.

मास्तरांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि १.४ च्या शेजारी कंसात "कढी" असं लिहिलं. काल्ची कढी सोडलेली नाही. रक्त द्यायच्या दिवशी ती दुपारी खातात.